चिमीवर तरस आला

नारायणगुड्यातल्या त्या गल्लीत दिगंबरराव भालकीकरांच्या घराला लोक 'छोटी बागेआम' म्हणत. मोठ्या बागेआमात जनावरं पिंजऱ्यात आणि माणसं मोकळी असत. दिगंबररावांकडे नेमकं उलटं. जनावरं घरभर हिंडत आणि दिगंबरराव व पद्मावतीबाई या नवराबायकोने उरलेल्या जागेत संसार करायचा. फडताळावर पंख मोडलेला पिंगळा, चुलीमागे मुंगूस. तीन पायांचा एक कुत्रा होता, त्याचं नाव पटेल, कारण गावच्या पटेलासारखा, म्हणजे पाटलासारखा, तो दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नुसता गुरगुरायचा आणि काम म्हणून काही करायचा नाही. मूलबाळ नव्हतं. त्याची चौकशी करायला कुणी तोंड उघडलंच, तर तेवढ्यात पायाखालून मुंगूस जायचं आणि चौकशी तिथेच राहायची.

दिगंबरराव बंदोबस्त खात्यात, म्हणजे जमिनींची मोजणी आणि आकारणी करणाऱ्या खात्यात, इन्स्पेक्टर होते. शिक्षण उर्दूतून, दफ्तर उर्दूतून, घरी मराठी, बाजारात दखनी आणि दौऱ्यावर मोडकीतोडकी तेलुगू. चार भाषा एकाच तोंडात नांदत होत्या आणि कधी कधी एकमेकींची भांडी वापरत होत्या. मेदक, नलगोंडा, महबूबनगर असे दौरे करताना इतर इन्स्पेक्टर येताना तूप आणत, तांदूळ आणत. दिगंबरराव पिशवीतून काहीतरी हलणारं आणत. पद्मावतीबाई दारातच विचारत, "चावतं का?" नाही म्हटलं की आत घेत, हो म्हटलं तरी घेत.

चिमी अशीच आली. पोलीस ॲक्शननंतर ज्याला त्याला बंदूक आणि जीप मिळाली होती. जीपच्या झगझगीत उजेडात काळविटांचे कळप भांबावून उभे राहात आणि लोक त्यांना उभ्या उभ्या लोळवत. मेदकच्या रस्त्याला अशाच एका मेलेल्या हरणीजवळ तिचं पाडस उभं होतं. दिगंबररावांनी ते कोटात गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणलं. कोट कायमचा गेला. चिमी बाटलीने दूध पीत मोठी झाली, पद्मावतीबाईंच्या पदराशी खेळली, तुळस खाऊन बोलणी खाल्ली आणि दोन वर्षांत चांगली उमद्या अंगाची हरणी झाली.

आता हिम्मतरावांविषयी सांगितलं पाहिजे. हिम्मतराव वकील हे दिगंबररावांचे जामबागेच्या शाळेपासूनचे सोबती, सुलतान बाजारात राहायचे आणि शिकारीचे पक्के नादी. दोघांची दोस्ती कशी टिकली हे कुणालाच कळलेलं नव्हतं. दिगंबरराव त्यांच्याबरोबर शिकारीला जात, ते केवळ शिकार मोडायला. हिम्मतरावांनी नेम धरला की दिगंबररावांना नेमकी शिंक यायची, आणि शिंक अशी की तलावावरची बदकंसुद्धा उडून जात. "याला बरोबर आणण्यापेक्षा बंदूक घरी ठेवलेली बरी," असं म्हणत हिम्मतराव पुढच्या रविवारी पुन्हा यांनाच हाक मारत.

शामीरपेठेच्या अलीकडे हिम्मतरावांची जामाची बाग होती. जाम म्हणजे पेरू, पण हैदराबादेत पेरू मागाल तर कुणी देणार नाही. बागेत खाजामियाँ नावाचा राखणदार बकऱ्या बाळगून राहायचा. बागेमागे मोठमोठ्या धोंड्यांचा एक गुट्टा, म्हणजे टेकडी, होती. त्या धोंड्यांच्या कपारीत तरसाची एक मादी राहते, हे दिगंबररावांनी वर्षभरापूर्वी शोधून काढलं होतं. दिसायला तिला कुणी देखणी म्हणणार नाही. पुढून उंच, मागून बसकी, अंगावर पट्टे, मानेवर विस्कटलेले केस. संध्याकाळी ती बाहेर यायची, थांबून वारा हुंगायची आणि खाली मान घालून हाडकं शोधायला निघायची. दिगंबरराव लांबच्या खडकावर पोटावर पडून तिला तासन् तास बघत. हे त्यांनी फक्त पद्मावतीबाईंना सांगितलं होतं. बाग ज्यांची, त्या हिम्मतरावांना अवाक्षर कळू दिलं नव्हतं. "बागेच्या आसपास बंदूक काढायची नाही," एवढं वचन मात्र त्यांच्याकडून घेतलं होतं, आणि गड्याने ते पाळलं होतं.

सन छप्पन्नच्या पावसाळ्यापासून हैदराबाद राज्याची वाटणी सुरू झाली. दिगंबररावांच्या वाट्याला काय यावं? गाव भालकी, ते गेलं म्हैसूरला. घर नारायणगुड्यात, ते आलं आंध्रात. नोकरी मुंबई राज्यात, मुक्काम औरंगाबाद. "माझे तीन तुकडे करून तीन राज्यांना वाटले," असं ते दफ्तरात सगळ्यांना सांगत सुटले. सांगताना हसत, पण घरी आल्यावर पानावर बसून नुसते भात कालवत राहात. कुणावर चिडावं ते कळत नव्हतं. राज्यांची वाटणी सुचवणाऱ्या कमिशनवर चिडून काय उपयोग? ते दिल्लीत.

मग घरातल्या जनावरांचीही वाटणी झाली. मुंगूस शेजारच्या सावित्रीबाईंनी घेतलं. पिंगळ्याचा पंख तोवर सुधारला होता, तो एका संध्याकाळी कुणाला न विचारता निघून गेला. पटेल बरोबर येणार होता. राहिली चिमी. हरणी आगगाडीतून औरंगाबादला नेऊन भाड्याच्या खोल्यांत ठेवायची कुठे? अखेर ती खाजामियाँच्या हवाली करायचं ठरलं. बागेत कुंपण होतं, पाला होता, आणि हिम्मतरावांची ना नव्हती.

दसऱ्यानंतर दिगंबरराव तिला हिम्मतरावांच्या जीपमधून बागेत घेऊन गेले. निघताना त्यांनी खाजामियाँला बाजूला घेतलं.

"संध्याकाळ हुई की इसको आत बाँधो. इधर तरस है, मालूम ना? तरस से संभालके रहो."

खाजामियाँ हसला. "तरस से कायकू संभलना साब? तरस तो अल्ला देता. उसकू हम लकडबग्घा बोलते. वो क्या नै करती, साल भर से देख रऊँ मैं, मेरी एक बकरी कू हात नै लगाई."

दिगंबररावही हसले. दखनीत तरस म्हणजे दया, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? कॉलेजात उर्दू शेरांवर मान डोलवलेला माणूस तो. पण घरच्या मराठीतला जनावराचा शब्द तोंडून निघून गेला, इतकंच. घरी आल्यावर त्यांनी पद्मावतीबाईंना हा विनोद सांगितला. आणि हळूच आणखी एक गोष्ट सांगितली: मादी हल्ली हाडकं तोंडात धरून कपारीत नेते आहे, आतमध्ये पिल्लं असावीत. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

पुढचे दिवस सामान बांधण्यात गेले. एके दिवशी दुपारी दिगंबरराव ट्रंकेवर गुडघा रोवून दोरी आवळत होते. बाहेर सीताफळं घेऊन येणारी यादम्मा आली होती, ती शामीरपेठेकडची. पद्मावतीबाई टोपलीभर सीताफळं घेऊन आत आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "अहो, खाजामियाँचा निरोप आलाय. चिमीवर तरस आला म्हणे. सोडून दिलं." आणि सीताफळं चेपत नाहीत ना, हे बघत स्वैपाकघरात गेल्या.

दिगंबररावांच्या हातातली दोरी सुटली.

आता हैदराबादच्या मराठीचं पाहा. पुण्याकडचा माणूस 'तरस आलं' म्हणेल, कारण त्यांच्याकडे ते जनावर नपुंसकलिंगी. आमच्याकडे वाघ आला, लांडगा आला, तसा तरसही आला. आणि दखनीतला तरस जेव्हा मराठीत पाहुणा येतो, तेव्हा त्याचाही तरस आलाच होतो. एका शब्दाच्या दोन वाटा. त्यातली कुठली धरायची हे विचारायला एक प्रश्न पुरला असता: "कुणाला आला?" दिगंबररावांनी तो विचारला नाही. आठ दिवस ज्याची धास्ती मनात होती, तेच कानांनी ऐकलं. चिमीवर तरस आला, आणि तिला फाडून सोडून दिलं.

रात्री ते जेवले नाहीत. पद्मावतीबाईंना वाटलं, चिमी आता पुन्हा दिसायची नाही म्हणून यांना लागलंय. त्या समजुतीने म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका. आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तिच्या दृष्टीने बरंच झालं, सुटली बिचारी."

माणूस मेलं की आपण हेच म्हणतो. दिगंबररावांनी भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी ते सुलतान बाजारात हिम्मतरावांच्या दारात उभे राहिले तेव्हा हिम्मतराव दाढी करत होते.

"हिम्मत, बंदूक काढ."

वस्तऱ्याने कापायचंच राहिलं. हिम्मतराव साबण लावलेल्या तोंडाने बघत राहिले. "कोण बोलतंय? दिगंबर भालकीकर? अरे, ऊ मारताना देवाची माफी मागणारा तू!"

"चेष्टा नको. तुझ्या बागेमागे तरस आहे. कपार मला ठाऊक आहे. वर्षभर ठाऊक आहे, तुला सांगितलं नाही. चिमीला खाल्लं त्याने."

हिम्मतरावांनी तोंड पुसलं. चेष्टा संपली होती. "नक्की?"

"निरोप आलाय."

"खाजामियाँशी आधी बोलू या ना. बघू तरी."

"काय बघायचं? तिची हाडं?" दिगंबरराव इतक्या मोठ्याने ओरडले की खालचा बांगडीवाला दुकानातून बाहेर डोकावला. "तुला यायचं असेल तर ये, नाहीतर बंदूक दे, मी जातो."

बंदूक कशी धरतात हे दिगंबररावांना ठाऊक नव्हतं. हिम्मतराव निघाले.

दुपार कलल्यावर जीप अलवालवरून शामीरपेठेकडे लागली. रस्ताभर दिगंबररावांना सारखी चिमी दिसत होती, तिच्या नाकाचा ओला स्पर्श तळहाताला जाणवत होता. पिल्लांचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला. अलवालच्या देवळापाशीच आला. त्यांनी तो बाजूला सारला आणि हिम्मतरावांना काही सांगितलं नाही. किती आठवडे राग साचला होता त्यांच्यात! वाटणी करणाऱ्यांवर, बदलीवर, जीपमधून हरणं मारणाऱ्यांवर, स्वतःच्या गप्प बसण्यावर. त्यातलं कुणी त्यांच्या हाती लागत नव्हतं. ही एक मुकी मादी मात्र अगदी हाताशी होती, आणि तिचा पत्ता फक्त त्यांनाच ठाऊक होता.

बागेच्या फाटकाशी त्यांनी जीप नेऊच दिली नाही, मागच्या वाटेने थेट गुट्ट्यापाशी न्यायला लावली. खाजामियाँकडे जाऊन चिमीचं उरलंसुरलं बघायची दिगंबररावांच्यात ताकद नव्हती. ज्या खडकावर पडून ते वर्षभर तिला बघत, त्याच खडकावर त्यांनी हिम्मतरावांना नेलं. वारा कुठून आहे ते बघितलं. कुठल्या भेगेतून ती बाहेर येते ते बोटाने दाखवलं. जे जे प्रेमाने शिकले होते ते ते सगळं त्यांनी त्या संध्याकाळी कामाला लावलं.

सूर्य टेकताना ती आली. नेहमीसारखीच कपारीच्या तोंडाशी थांबली आणि मान वर करून वारा हुंगला. खडकाकडे बघितलं. खडकावर कुणी असतं, हे तिला आता सवयीचं झालं होतं की काय कोण जाणे. ती पळाली नाही.

हिम्मतरावांनी नेम धरला. क्षणभर तसेच थांबले. पुढे कितीतरी दिवस दिगंबररावांना त्या क्षणाचा अर्थ लागत राहिला. हिम्मतराव शिंकेची वाट बघत होते.

शिंक आली नाही.

बार झाला. बागेतले पोपट कलकलत उठले. मादी दोन पावलं पुढे आली आणि बसल्यासारखी कोसळली. दोघे खाली उतरले. हिम्मतराव पुढे वाकले, त्यांनी तिला काठीने उलटं केलं आणि तसेच वाकलेले राहिले.

"दिगंबर," ते म्हणाले, "हिला दूध आहे रे."

दिगंबरराव कपारीकडे बघत होते.

"तुला ठाऊक होतं?"

हिम्मतरावांनी बंदूक खडकाला टेकवून ठेवली आणि थोडे लांब जाऊन पाठ करून उभे राहिले.

बाराचा आवाज ऐकून खाजामियाँ काठी घेऊन धावत आला. पडलेलं जनावर बघून त्याने कपाळाला हात लावला. "ये क्या करे साब? इसकू कायकू मारे?"

"कायकू?" दिगंबररावांचा आवाज चिरकला. "मेरी चिमी को खा गई, और कायकू पूछते?"

"कौन खा गई? हिरनी कू?" खाजामियाँ दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायला लागला. "हिरनी तो मजे में है साब! परसों काली हिरनाँ का कळप आया था कुंपन के पीछे. ये हमारी बाई काट्यां कू गला घिस घिस के रोने लगी. दिन भर खाई नै, पी नै. मेरे कू तरस आया, छोड दिया. मेरे बैंगनाँ बी खा जा रई थी, झूट कायकू बोलना, पर तरस बी आया. यादम्मा बोली नै क्या? उसके हात से मैं निरोप भेज्या ना!"

दिगंबरराव जमिनीवर बसले.

"तरस आया," ते म्हणाले.

"हौ साब, तरस आया."

लकडबग्घा. खाजामियाँ तिला लकडबग्घा म्हणायचा. त्याच्या तोंडून त्या जनावराला तरस हा शब्द जन्मात कधी निघाला नसता, आणि हे त्याने हसत हसत तोंडावर सांगितलं होतं. दिगंबररावांना त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, यादम्मावर वाटलं, पद्मावतीबाईंवर वाटलं. कुणावरच ओरडता येईना. कारण कपारीचा रस्ता त्यांतल्या कुणी दाखवला नव्हता.

तेवढ्यात धोंड्यांच्या आतून बारीक कुईकुई ऐकू आली. आईचा वास बाहेर होता आणि ती आत येत नव्हती. दिगंबररावांनी कानांवर हात ठेवले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

घरी त्यांनी पद्मावतीबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत ऐकत खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मी नुसतं 'त्याला' म्हणाले असते तरी... 'त्याला तरस आला' म्हणाले असते तर..."

"तू नाही गं. तू बरोबर सांगितलंस. ऐकणारा मी."

"पण पिल्लं आहेत, हे तुम्हीच मला..."

"हो," दिगंबरराव म्हणाले. "तेही ठाऊक होतं."

पद्मावतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग त्या उठल्या आणि दुधाची बाटली शोधायला लागल्या, चिमीची.

जायला थोडे दिवस उरले होते. दिगंबररावांनी दफ्तरात रजा टाकली आणि रोज पहिल्या बसने गुट्ट्यावर जायला लागले. आत दोन पिल्लं होती. भेग एवढी अरुंद की माणूस आत शिरू शकत नव्हता. ते पोटावर पडून खांद्यापर्यंत हात आत घालत, बोटाला बकरीच्या दुधाचा बोळा बांधून. पिल्लं आणखी आत सरकत. खाजामियाँने पहारीने एक धोंडा हलवून बघितला, पण वरची सगळी रास खाली येईल असं वाटलं म्हणून सोडला. अखेर भुकेने व्याकूळ झालेलं एक पिल्लू बोळ्यापाशी आलं. दिगंबररावांनी ते मानेला धरून बाहेर काढलं. करडं, पट्टेरी, थुलथुलीत, कान डोक्यापेक्षा मोठे. त्याने त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि दिगंबररावांना तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

दुसरं आलं नाही. त्याचा आवाज येत राहिला, मग मधूनमधून यायला लागला, मग येईनासा झाला. दिगंबरराव तरीही हात आत घालून पडून राहात. खाजामियाँ चहा घेऊन यायचा आणि म्हणायचा, "बस करो साब." एकदा म्हणाला, "हिरनी देखना क्या? कळप उधर तलाव के पास है." दिगंबररावांनी नको म्हणून मान हलवली. चिमी जिवंत होती, मोकळी होती, त्यांच्या मनासारखं झालं होतं, आणि तिच्या समोर जायला त्यांना तोंड नव्हतं.

दफ्तरात निरोपसमारंभ झाला. उर्दूतून एक भाषण, तेलुगूतून एक आणि मराठीतून दोन. मराठीतल्या दुसऱ्या वक्त्याने भालकीकरसाहेबांच्या भूतदयेवर बोलायला घेतलं. साहेबांनी मुंगी कधी दुखावली नाही, साहेबांचं घर म्हणजे मुक्या जिवांचं माहेर, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. दिगंबरराव गळ्यात हार घालून खाली बघत बसले होते. हातांना अजून बकरीच्या दुधाचा वास येत होता. हिम्मतराव मागच्या खुर्चीवर होते. समारंभ संपल्यावर त्यांनी जवळ येऊन हळूच सांगितलं, "मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही." भल्या मनानेच बोलले ते. पण चारचौघांत तोंडावर थुंकले असते तर दिगंबररावांना जास्त हलकं वाटलं असतं.

निघायचा दिवस आला. काचीगुड्याला मनमाडच्या गाडीत ट्रंका चढल्या, वळकट्या चढल्या, पटेल बाकाखाली जाऊन गुरगुरायला लागला. पद्मावतीबाईंच्या मांडीवर झाकणाची वेताची टोपली होती. तीवर त्यांनी जुनी ओढणी टाकली होती. स्टेशनवर हिम्मतराव जाम घेऊन आले होते, बागेतले. गाडी हलली तेव्हा दोघांनी हात वर केले.

हैदराबाद मागे पडत होतं. इथे जन्म गेला, इथली भाषा अंगात मुरली, आता तिकडे औरंगाबादला सगळे शुद्ध मराठी बोलतील आणि आपल्या मराठीला हसतील, असं दिगंबरराव पूर्वी म्हणत. आता त्यांना वाटत होतं, बरं होईल. तिकडे तरसाचा एकच अर्थ असेल. आणि लगेच त्यांना कळलं की या भाषेला दोष देऊन आपण पुन्हा स्वतःला सोडवून घेतो आहोत. एक प्रश्न विचारायला कुठली भाषा आड आली होती?

बोलारमच्या पुढे तिकीट तपासनीस आला. वयस्कर, पांढऱ्या दाढीचा, सावकाश बोलणारा. पटेलची पावती बघितली. मग टोपलीतून खुडबुड ऐकू आली तसा थांबला.

"इसमें क्या है बाई?"

पद्मावतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. दिगंबररावांनी ओढणी बाजूला केली आणि झाकण थोडं उचललं. आतून दोन मोठे कान आणि एक काळं नाक वर आलं. पिल्लाने उजेडाकडे तोंड करून मान उंच केली आणि वारा हुंगला, अगदी तस्संच.

"ये क्या जनावर है साब?"

"तरस," दिगंबररावांच्या तोंडून निघून गेलं.

तपासनिसाला वाटलं, साहेबांनी दयेपोटी कुठलं तरी अनाथ पिल्लू उचलून आणलंय. तो टोपलीत वाकून बघत मायेने हसला.

"तरस? किस पे, साब?"

पद्मावतीबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. दिगंबरराव त्या भल्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलले, पण तो शब्द त्यांना पुन्हा उच्चारता आला नाही. त्यांनी झाकण लावलं.

"कुत्ता है," ते म्हणाले. "कुत्ता लिखो."